माकडशिंगाचं कुळ

सर, तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झाली की तुमच्यावर रागावलेलं माणूस म्हणून बहुधा मीच एकटी उरले असेन. मागच्या महिन्यात आपल्या वर्गातल्या एकाच्या नातवाच्या मुंजीला गेले होते. जेवणं झाल्यावर आम्ही चार-पाच म्हातारी माणसं खुर्च्या ओढून बसलो आणि अपेक्षेप्रमाणे तुमचा विषय निघाला. तुमचं भिंग, त्याची काळी दोरी, फुलाच्या पाकळ्या ब्लेडच्या टोकाने सोडवून कागदावर मांडायची तुमची पद्धत. एकजण डोळे पुसत म्हणाला, "सरांनी आपल्याला बघायला शिकवलं." सगळ्यांनी माना हलवल्या. मी पानाचा विडा चावत बसले. घरी आल्यावर हे लिहायला घेतलं. मनातल्या मनात तुमच्याशी भांडून आता कंटाळा आलाय.

तुम्ही शिकवायचात झकास. हे एकदा लिहून टाकते, म्हणजे पुढचं लिहायला मोकळी. पहिल्याच तासाला तुम्ही आम्हाला डोळे मिटायला लावलेत आणि प्रत्येकाच्या हातात एकेक फांदी दिलीत. "फुलाला भुलायचं नाही," तुम्ही म्हणालात. "फूल सगळ्यात शेवटी. आधी बोटांनी विचारा. खोड गोल की चौकोनी? पानं समोरासमोर की एकाआड एक? मोडलं तर काय बाहेर येतं? दूध, पाणी, की नुसता वास?" माझ्या हातात चौकोनी खोड होतं, पानं समोरासमोर होती, चुरगाळल्यावर वास आला. मी डोळे मिटूनच म्हणाले, तुळशीच्या नात्यातलं काहीतरी. तुम्ही म्हणालात, "शाबास." त्या एका शब्दावर मी वर्षभर चिंचवडहून पुण्याची गाडी पकडत राहिले. मोहरीच्या कुळाच्या चार पाकळ्या फुलीसारख्या, जास्वंदीच्या कुळात केसरांची नळी, कोथिंबिरीच्या कुळात छत्रीच्या काड्या, सूर्यफुलाच्या कुळात एक फूल वाटतं ती फुलांची अख्खी जत्रा. आजही बाजारात गेले की भाजीच्या ढिगातून कुळंच दिसतात मला. हे तुमचंच देणं. नाकारता येत असतं तर नाकारलं असतं.

पण खरं तर तुम्ही जे शिकवत होतात त्यातलं अर्धं मी घरून शिकून आले होते. माझे वडील चिंचवड स्टेशनात पॉइंट्समन, गाड्यांचे रूळ बदलणारे. रेल्वेची खोली, पुढे रूळ, मागे माळ. आई चाकणच्या पुढच्या एका गावची. अक्षरओळख नाही, पण माळावर चालताना तिच्या तोंडाचा पट्टा सुरू. "ह्याचं पान मोडून बघ, दूध आलं तर हात लावू नगं. ह्ये चौकोनी देठाचं, ह्याचा वास येणारच. ह्या शेंगा दोन-दोन हायेत, रुईची भावंडं ही." तिला कुळ हा शब्द माणसांसाठीच ठाऊक होता, पण झाडांची नाती तिला तोंडपाठ होती. ज्याचं नातं कळलं नाही ते ती चुलीवर ठेवत नसे. तुमच्या वर्गात बसल्यावर मला पहिल्यांदा कळलं की आई जे बोलते त्याला शास्त्र म्हणतात. घरी जाऊन मी तिला तसं सांगितलंही. ती भाकरी थापता थापता हसली. "मग तुज्या मास्तरला म्हणावं, एक दिस आमच्या माळावर या."

आणि तुम्ही आलात. माघ संपत आला होता. पिंपरीला पेनिसिलिनचा कारखाना तेव्हा नुकता सुरू झाला होता, एस.टी.च्या खिडकीतून त्याच्या भिंती दिसल्या तेव्हा तुम्ही बुरशीवर दहा मिनिटं बोललात. चाकण मागे टाकून खेडच्या रस्त्यावर आपण उतरलो आणि डावीकडची टेकडी चढायला लागलो. बावीस मुलगे आणि आम्ही दोघी मुली. मी त्या दिवशी खूश होते, कारण टेकडीच्या पलीकडे माझं आजोळ होतं आणि त्या उतारावरचा दगडन् दगड माझ्या ओळखीचा होता. वाळक्या गवतात, खडकाच्या आडोशाला तुम्हाला ते दिसलं. बोटाएवढं जाड, चार धारांचं, मांसल खोड, एक पान नाही, राखट तांबूस रंग. तुम्ही ते उपटून वर धरलंत. "बघा. पानं नाहीत, खोड मांसल, कोनदार. एरंडाचं कुळ. आपल्या त्रिधारी निवडुंगाचा धाकटा भाऊ. लिहून घ्या."

सगळ्यांनी लिहून घेतलं. मी म्हणाले, "सर, याला चीक नाही."

आजही मला माझा तो आवाज ऐकू येतो. उद्धट नव्हता तो. तुम्हीच तर विचारायला शिकवलं होतं, मोडलं तर काय बाहेर येतं. तुम्ही खोड मोडलंत. पाणी आलं. तुम्ही म्हणालात, "उन्हाळ्याच्या तोंडाला चीक आटतो."

मी तिथे गप्प बसायला हवं होतं असं वडील नंतर म्हणायचे. मी म्हणाले, "सर, हे माकडशिंग आहे. आई याची भाजी करते."

मुलगे हसले. तेवढ्याने काही झालं नसतं, मुलगे हसतातच. पण तुम्ही त्यांच्या हसण्याची वाट पाहिलीत, ते ओसरू दिलंत, आणि मग म्हणालात, "बाई, हा वनस्पतिशास्त्राचा वर्ग आहे, मंडई नाही. निवडुंगाची भाजी खाऊन ज्या घरातली माणसं जगतात, त्या घराचाच एकदा अभ्यास करायला हवा." मग जो हशा झाला तो टेकडीवरून खाली गेला. खाली माझ्या मामाचं शेत होतं. मामा बांधावर उभा राहून आमच्याकडे हात हलवत होता. मी त्याला ओळख दिली नाही.

घरी आईला मी सगळं सांगितलं नाही, फक्त चिकाचं सांगितलं. ती म्हणाली, "दूध आसतं तर तोंड सोलून निघालं नसतं का? लहानपणापासनं खातोय आमी. मास्तर शेरातला हाय, त्याला काय ठावं. न्हाई ठावं तर सांगावं मानसानं." रविवारी ती स्वतः माहेरी जाऊन ओंजळभर माकडशिंग घेऊन आली. धारा सोलल्या, चिंचेच्या पाण्यात उकळून कडूपणा काढला, लसूण-मिरची घालून परतलं आणि सोमवारी माझ्या डब्याशेजारी दुसरा छोटा डबा बांधला. त्यासोबत एक जोडशेंगही दिली, वाळलेली, दोन शिंगांसारखी फाकलेली. "ही दाव त्याला. शेंग बगितली की कळंल."

तुमच्या खोलीत तुम्ही एकटे होतात. मी शेंग टेबलावर ठेवली आणि म्हणाले, सर, फळ बघा, जोडशेंग आहे, बियांना रेशमासारखी शेपटी आहे, हे रुईचं कुळ आहे. तुम्ही म्हणालात, "रुईला चीक असतो." मी म्हणाले, "हो सर, पण शेंग खोटं बोलत नाही." तुम्ही भिंग काढलंत. शेंग उघडलीत. एक बी उडून तुमच्या कोटाच्या बाहीवर बसली. तुम्ही खूप वेळ बघत राहिलात, इतका वेळ की मला वाटलं आता तुम्ही "शाबास" म्हणणार. मग तुम्ही भिंग मिटलंत, शेंग पाकिटात घालून खणात ठेवलीत आणि डब्याकडे बोट दाखवून विचारलंत, "हे काय?" मी म्हणाले, भाजी, आईने तुमच्यासाठी दिली. तुम्ही शिपायाला हाक मारलीत. "हे बाहेर टाका. कुणाच्या पोटात गेलं तर नसती भानगड." शिपाई माझ्याकडे बघायला लागला. मी डबा त्याच्या हातून घेतला, तुमच्या दारातच उभी राहिले आणि सगळी भाजी बोटांनी खाल्ली. तुम्ही कागदावर काहीतरी लिहीत राहिलात. संध्याकाळी आईने विचारलं, खाल्ली का मास्तरांनी? मी रिकामा डबा दाखवला.

मग जर्नलं तपासायची वेळ आली. सही नसलेलं जर्नल म्हणजे प्रॅक्टिकलला बसता येत नाही, हे तुम्हाला ठाऊक आणि मलाही. त्या सहलीच्या पानावर मी चित्र काढलं होतं, चार धारांचं खोड, बाजूला जोडशेंग, खाली लिहिलं होतं, रुईचं कुळ. तुम्ही त्या पानावर लाल पेन्सिलीची तिरकी रेघ मारलीत. "हे पान फाडून नवीन लिहा. एरंडाचं कुळ. मग सही."

मी म्हणाले, "सर, चूक असेल तर चूक कुठे आहे ते दाखवा."

तुम्ही म्हणालात, "मी तुम्हाला दाखवण्यासाठी बसलेलो नाही. पान फाडा."

मी फाडलं नाही. वडिलांनी कॉलेजच्या मोठ्या साहेबांना, प्राचार्यांना भेटायचा प्रयत्न केला, ड्युटीचा निळा शर्ट घालूनच आले होते, त्यांना बाकावर दुपारपर्यंत बसवून परत पाठवलं. जाताना ते मला म्हणाले, "एका पानाचा प्रश्न आहे. फाड की." मी तरी फाडलं नाही. माझं वर्ष गेलं. पुढच्या वर्षी पुन्हा बसायचं तर पुन्हा तुमच्याच सहीसाठी उभं राहायचं, म्हणून मी बसले नाही. पेनिसिलिनच्या कारखान्यात बायका घेत होत्या, तिथे लागले. बाटल्या उजेडासमोर धरून बघायच्या, काही तरंगताना दिसलं की बाजूला काढायच्या. नजर चांगली म्हणून लवकरच कायम झाले. तुम्ही बघायला शिकवलं होतंत ना.

माझं वर्ष मी एक वेळ तुम्हाला सोडून देईन. आईचं नाही सोडणार. डब्याची हकिगत तिला कुणाकडून तरी कळली, बहुधा माझ्या वर्गातल्या दुसऱ्या मुलीकडून. तिने मला काही विचारलं नाही. पण त्यानंतर तिने माळावर जाणं थांबवलं. मामा पावसाळ्यात करटुली, कुर्डू घेऊन यायचा तर ती म्हणायची, "नगं. मंडईतनं आणू." माकडशिंग तर आमच्या घरात पुन्हा शिजलंच नाही. एकदा शेजारणीशी बोलताना मी ऐकलं. "माज्या पालापाचोळ्यापायी पोरीचं वरीस गेलं बगा." मी आत जाऊन तिला सांगितलं, आई, तुझं बरोबर होतं. ती म्हणाली, "बरोबर आसतं तर मास्तरांनी सही दिली आसती." तिचा तुमच्यावर विश्वास होता, सर. स्वतःच्या डोळ्यांपेक्षा, हातांपेक्षा, लहानपणापासून खाल्लेल्या भाजीपेक्षा जास्त. असाच विश्वास घेऊन ती गेली.

लग्नानंतर मी पुन्हा शिकले. नवरा फिटर होता, म्हणाला, तू शीक, पोरं मी बघतो, आणि त्याने खरंच बघितली. दुसरं कॉलेज, दुसरे मास्तर. पदवी झाली, पुढची झाली आणि चाळिशीच्या आत मी पिंपरीतच शिकवायला लागले. माझ्या वर्गात मी कधीही लाल पेन्सिल वापरली नाही. एवढंच करून मी थांबलेही असते. पण एका कामासाठी मला तुमच्या जुन्या कॉलेजच्या हर्बेरियममध्ये जावं लागलं. वाळवलेल्या झाडांची कपाटं, डांबरगोळ्यांचा वास. रुईच्या कुळाचा गठ्ठा सोडला आणि चौथ्याच कागदावर माकडशिंग. चाकणची टेकडी. गोळा करणारे म्हणून तुमचं नाव. खाली तुमच्या त्या सुरेख अक्षरात कुळ लिहिलेलं, रुईचं, आणि ओळखल्याची तारीख. कोपऱ्यात चिकटवलेल्या छोट्या पाकिटात एक जोडशेंग होती.

तारीख मी तीनदा वाचली. माझं जर्नल तुम्ही परत केलंत त्याच्या आठ दिवस आधीची होती ती. म्हणजे तुम्ही पान फाड म्हणालात तेव्हा तुमच्या कपाटात बरोबर उत्तर शाईने लिहिलेलं होतं. तोवर मी तुम्हाला हट्टी समजत होते, गर्विष्ठ समजत होते, अडाणीसुद्धा समजून पाहिलं. तुम्हाला ठाऊक होतं ही गोष्ट माझ्या डोक्यात कधी आलीच नव्हती. खाली टिपणात लिहिलं होतं, स्थानिक लोक याची भाजी करतात. आई तेव्हा जाऊन सहा वर्षं झाली होती. हा कागद मी कुणाला दाखवणार होते?

तुम्ही पिंपरीजवळच्या प्राधिकरण वसाहतीत राहता हे मी शोधून काढलं. त्या रविवारी आजोळच्या टेकडीवर गेले, माकडशिंगाचा एक तुकडा आणला, ओल्या फडक्यात गुंडाळला आणि तुमच्या बंगल्याची बेल वाजवली. काय बोलायचं ते बसमध्ये घोकलं होतं. तुमच्या सूनबाईंनी मला व्हरांड्यात बसवलं. "बाबांना दिसत नाही आता," त्या म्हणाल्या, "पण कुणी झाड आणलं की खूश होतात. हातानेच ओळखतात. अजून एकदाही चुकले नाहीत." तुम्ही आलात, भिंतीला हात लावत. कोण आलंय हे न विचारता तुम्ही हात पुढे केलात. मी तुकडा हातात दिला.

तुम्ही बोट फिरवलंत. एक, दोन, तीन, चार धारा. तुमचा चेहरा उजळला, तो वर्गात उजळायचा तसा. "माकडशिंग," तुम्ही म्हणालात. "पान नाही, म्हणून फसायला होतं. रुईचं कुळ. शेंग बघितली की कळतं. चाकणकडे मीच शोधलं होतं हे. आमच्या वर्गात एक मुलगी होती, ती हटून बसली, एरंडाचं कुळ म्हणून. किती समजावलं. शेवटी जर्नल नापास करावं लागलं." तुम्ही हसलात. "हुशार होती तशी, पण ऐकायची नाही."

घोकलेलं सगळं माझ्या तोंडात वाळून गेलं. तुम्ही खोटं बोलत नव्हतात, सर. तुम्हाला तसंच आठवत होतं. तुमच्या आठवणीत चूक माझ्या गळ्यात होती आणि शेंग तुमच्या हातात. तुम्ही तुकडा मोडलात आणि चव घ्यायला तोंडाकडे नेलात. मी तुमचं मनगट धरलं.

"सर, तोंडात घालू नका," मी म्हणाले. "हा निवडुंग आहे. चीक आलाय तुमच्या बोटांवर."

"नाही," तुम्ही म्हणालात. "हे पाणी आहे."

"दूध आहे, सर. पांढरं. मला दिसतंय. डोळ्यांना हात लावू नका."

तुम्ही बोटं एकमेकांवर घासून पाहिलीत. पुन्हा पाहिलीत. तुकड्याच्या धारा पुन्हा मोजल्यात आणि या वेळी तुमचं मोजणं तीनपाशी अडखळलं. "मग मी..." तुम्ही म्हणालात आणि थांबलात. तुमच्या सूनबाई आत होत्या, विचारायला दुसरं कुणी नव्हतं. तुम्ही माझ्याकडे तोंड करून, पण जरा बाजूला बघत विचारलंत, "एरंडाचं कुळ?" मी म्हणाले, "हो सर. एरंडाचं." मी तुम्हाला नळापाशी नेलं आणि साबणाने तुमचे हात धुतले, बोटन् बोट.

चार-पाच महिन्यांनी तुम्ही गेलात. मी भेटायला आले होते. सूनबाई म्हणाल्या, "शेवटी शेवटी कुणी झाड आणलं तर हातच मागे घ्यायचे. म्हणायचे, नको, मला आता कळत नाही. आम्हाला काही समजलंच नाही असं एकदम काय झालं ते." मी त्यांच्या हातावर हात ठेवला. रडले नाही. परत येताना रस्त्यात उसाचा रस प्याले आणि तो मला गोड लागला. आईने माळावर जाणं सोडलं तेव्हाही कुणाला समजलं नव्हतं, असं काय झालं ते.

मला याचा पश्चात्ताप झाला असं लिहिलं तर ते तुमच्या त्या लाल रेघेसारखंच होईल, ठाऊक असून खोटं, म्हणून लिहीत नाही. आता त्या टेकडीच्या पायथ्यापर्यंत कारखान्यांच्या पत्र्याच्या शेड आल्या आहेत आणि माकडशिंग शोधायचं तर पार वरच्या खडकात जावं लागतं. माझे गुडघे तेवढे चढत नाहीत. हा कागद मी घडी घालून माझ्या जुन्या जर्नलमध्ये ठेवणार आहे, दुसरी जागा सुचत नाही.

एक राहिलं. तुमचे हात धुतले त्या दिवशी, निघताना फाटकापाशी तुम्ही माझं नाव विचारलं होतंत. मी दुसरंच कुठलंतरी सांगितलं. तुम्ही ओळखाल याची भीती नव्हती, सर. खरं नाव सांगितलं असतं आणि ते ऐकून तुमच्या चेहऱ्यावर काहीच हललं नसतं, तर मी काय केलं असतं?